‘पुढे चला’ची शिस्त

पहाटे पाच वाजता नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळून दोन बस निघाल्या होत्या. आठवीची एकशे बारा मुलं, आम्ही पाच शिक्षक आणि दोन शिपाईमामा. दिवसभरात चार ठिकाणं उरकायची होती, त्यांतलं दुसरं संग्रहालय. तिथलं निसर्ग-इतिहासाचं दालन आम्ही सोळा मिनिटांत फिरवून आणलं. आकडा नेमका आठवतो, कारण रांग पुढे सरकवण्याचं काम माझ्याकडे होतं आणि मी सारखी घड्याळ बघत होते.

दालनाच्या कोपऱ्यात काचेमागे पेंढा भरलेलं गिधाड होतं, पंख अर्धवट उघडलेले. एक मुलगा तिथे थांबला. हरसूलकडचा, शिक्षणासाठी नाशिकला वसतिगृहात राहणारा, वर्गात फारसं न बोलणारा. मला म्हणाला, “बाई, हे खाली उतरतंय असं दाखवलंय ना? पण उतरताना ते आधी पाय पुढे काढतं.” मी म्हटलं, “चल रे, पुढे चल, मागे रांग अडलीय.” तो गेला. हात मागे बांधून, ओठ मिटून, अगदी शिस्तीत गेला.

संध्याकाळी बसमधून मी शाळेत फोन केला आणि सांगितलं, मुलं फार छान वागली, कुणी कशाला हात लावला नाही. त्यातला शब्दन् शब्द खरा होता. आणि इतकी वाया गेलेली सहल माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत दुसरी झाली नाही.

हरसूलच्या बाजूला खोरीपाड्याला वनखात्यानं गिधाडांसाठी मेलेली जनावरं टाकण्याची जागा केली आहे. तिथे गिधाडं उतरतात. त्या मुलानं ती आकाशातून येताना पाहिली होती, अनेकदा पाहिली होती. पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत आपल्या देशात नव्व्याण्णव टक्क्यांहून जास्त घटली. गुरांना देत असत त्या डायक्लोफिनॅक नावाच्या वेदनाशामकानं ती मेली. जनावरांसाठी त्या औषधावर २००६ मध्ये बंदी आली तोवर आकाश रिकामं झालं होतं. माझ्या शहरातल्या बहुतेक मुलांनी जिवंत गिधाड पाहिलेलं नाही. त्या दिवशी आमच्या अख्ख्या घोळक्यात गिधाडाबद्दल स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगू शकेल असा हा एक मुलगा असावा, आणि त्याला मी गप्प केलं.

संग्रहालयात कसं वागावं हे शिकवायलाच हवं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण आज आपण जे शिकवतो ते गर्दी हलवण्याचं तंत्र आहे. त्यानं वस्तूही नीट वाचत नाही आणि मुलाच्या पदरातही काही पडत नाही. वागण्याचे नियम वस्तूच्या बाजूनं सांगितले पाहिजेत, कारणासकट सांगितले पाहिजेत, आणि ते पाळून बघायला लागतो तेवढा वेळ दिला पाहिजे. एवढं जमणार नसेल तर शाळांनी संग्रहालयाची सहल काढूच नये, इथपर्यंत माझं मत आता आलं आहे.

नाशिककराला रांग वेगळी शिकवावी लागत नाही. श्रावणी सोमवारी त्र्यंबकेश्वरला तासन्‌तास उभं राहणारी माणसं आपणच. देवळात रांग पुढे सरकते ते योग्यच आहे. मूर्ती क्षणभर दिसली तरी माणूस भरून येतो, कारण तो घरूनच मनात काही घेऊन आलेला असतो. पेंढा भरलेल्या सांबराबद्दल मनात आधीपासून काहीच नसतं. जे काही निर्माण व्हायचं ते त्याच्यासमोर उभं राहूनच होणार. तिथे आपण दर्शनाची रांग लावतो, आणि मुलं दालनाच्या एका दारातून आत जाऊन दुसऱ्या दारातून बाहेर पडतात.

‘हात लावू नका’ ही पाटी सगळीकडे असते. का लावू नये हे सांगणारी पाटी मी फार क्वचित पाहिली आहे. खरं तर कारण इतकं रंजक आहे की ते सांगितल्यावर पाटीची गरजच कमी होते. पक्ष्याच्या पिसाचे बारीक धागे एकमेकांत इवल्याशा आकड्यांनी अडकलेले असतात. ते सुटले की जिवंत पक्षी चोचीनं पुन्हा बसवतो. झाडावर निवांत बसलेला कावळा किंवा साळुंकी अंग खाजवल्यासारखं करते तेव्हा बहुतेक वेळा हेच काम चाललेलं असतं. काचेमागच्या पक्ष्याला ते करता येत नाही. एका मुलानं शेपटीवरून हात फिरवला तर डोळ्यांना काही दिसणार नाही. पण वर्षाला हजारो मुलं येतात, आणि प्रत्येकाच्या बोटांवर घाम, तेल, मीठ असतं. शिवाय आणखी एक गोष्ट आहे. जुन्या काळी कातडं किडू नये म्हणून त्याला आतून सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, घातलेला साबण चोळत. विसाव्या शतकातही ही पद्धत बराच काळ चालू होती. म्हणजे जुन्या प्राण्याला हात न लावणं हे मुलाच्याही भल्याचं आहे. मी हे वर्गात पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ‘सोमल’ शब्द ऐकताच पुढच्या बाकावरच्या दोघांनी आपले हात उलटसुलट करून पाहिले. त्यांना पुन्हा कधी दटावावं लागलं नाही.

खाण्याचंही तसंच. दालनात चिवड्याचं पाकीट फोडणाऱ्या बापाला वाटतं, मी कागद खिशात ठेवतोय, मग काय बिघडलं? बिघडतं ते असं: सांडलेल्या कणांवर मुंग्या येतात, झुरळं येतात, उंदीर येतो. ते फटीत मरतात. मेलेल्या किड्यांवर आणि केस-पिसांवर जगणाऱ्या बारीक भुंग्यांच्या अळ्या असतात, आणि त्या तिथून सरकत सरकत वाघाच्या कातड्यापर्यंत पोचतात. यांतल्या एका भुंग्याचं शास्त्रीय नावच अँथ्रेनस म्युझिओरम, म्हणजे संग्रहालयांचा. अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वी, सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रुळवणाऱ्या लिनिअसनं त्यातलं ‘म्युझिओरम’ दिलं, यावरून हे दुखणं किती जुनं आहे ते कळावं. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये ओले रेनकोट आणि निथळत्या छत्र्या घेऊन माणसं आत शिरतात. त्या ओलीनं बुरशी धरते. रेनकोट बाहेर ठेवा म्हटलं की वाद घालतात, आणि वाद घालणारे बहुतेक वेळा माझ्या वयाचे असतात.

फोटोंच्या बाबतीत मला जरा सावध बोललं पाहिजे. फ्लॅश एकदा चमकला म्हणून पिसं पांढरी पडत नाहीत. प्रकाशानं रंग उडतो हे खरं, उडालेला रंग परत येत नाही हेही खरं, पण त्यात वर्षानुवर्षं पडणारा उजेड मोठा गुन्हेगार आहे. माझी तक्रार वेगळी आहे. मोबाइल वर गेला की डोळे वस्तूवरून निघून पडद्यावर जातात, आणि मग पाठ वस्तूकडे वळते. काचेला पाठ टेकवून, कोपर टेकवून सेल्फी घेणारे मी मुलांपेक्षा शिक्षकच जास्त पाहिले आहेत. आमच्याच सहलीतल्या एका सहकाऱ्यानं मुलांना ‘काचेपासून लांब’ असं ओरडून सांगितलं आणि त्यानंतर स्वतः काचेला रेलून फोटो काढून घेतला. मुलांनी ते पाहिलं. शिस्तीचा धडा त्या क्षणी पूर्ण झाला, फक्त उलटा.

‘मेलेल्या प्राण्याचं एवढं काय कौतुक’ असं एका पालकांनी मला सभेत विचारलं होतं. प्रश्न प्रामाणिक होता म्हणून उत्तर नीट द्यायला हवं.

ऑक्सफर्डच्या संग्रहालयात डोडो या नामशेष पक्ष्याचा एक नमुना होता. नीट जतन न झाल्यानं तो कुजत गेला आणि शेवटी उरलं ते डोकं आणि एक पाय. जगात डोडोची मऊ ऊती शिल्लक असलेला हा एकच नमुना. त्या तेवढ्याशा अवशेषातून शास्त्रज्ञांनी डीएनए काढला आणि डोडो हा कबुतरांच्या कुळातला, निकोबारी कबुतराचा जवळचा नातलग, हे २००२ मध्ये दाखवून दिलं. पूर्ण पक्षी राहिला असता तर आणखी काय काय कळलं असतं कुणास ठाऊक. बहिरी ससाण्याच्या अंड्यांची गोष्टही तशीच. ससाणे का कमी होताहेत हे ब्रिटनमध्ये कळेना, तेव्हा रॅटक्लिफ या शास्त्रज्ञानं संग्रहांत ठेवलेली जुनी अंडी आणि नवी अंडी यांची कवचं ताडून पाहिली. डीडीटीचा वापर सुरू झाल्यानंतरची कवचं पातळ झाली होती. १९६७ साली त्यानं हे प्रसिद्ध केलं. अंडी जमवणाऱ्यांनी ती जमवली तेव्हा डीडीटीचं नावही त्यांना माहीत नव्हतं. जपून ठेवलेल्या वस्तूला उद्या कोणता प्रश्न विचारला जाईल, हे आज कुणालाच सांगता येत नाही.

आणि आपल्या अगदी शेजारची, खानदेशातली गोष्ट तर मला प्रत्येक मुलाला सांगाविशी वाटते. रान पिंगळा हा छोटा घुबडवर्गीय पक्षी. १८७३ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं. १८८४ पर्यंत त्याचे मोजके सात नमुने जमा झाले, त्यांतले काही पश्चिम खानदेशात नेमणुकीवर असलेल्या जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्यानं मिळवलेले. त्यानंतर पक्षी दिसेनासा झाला. नामशेष झाला असं लोक धरून चालले. मधे एक नोंद मात्र होती: कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागन या नामवंत ब्रिटिश पक्षीतज्ज्ञानं १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीजवळ रान पिंगळा मिळवल्याचं सांगितलं होतं आणि नमुनाही ठेवला होता. पुढे शोध घेणारे लोक त्या नोंदीच्या भरवशावर गुजरातेत शोधत राहिले आणि हात हलवत परतले.

पामेला रासमुसेन या अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञ बाईंनी तो नमुना बारकाईनं तपासला. तो डेव्हिडसनच्याच नमुन्यांपैकी निघाला. ब्रिटिश संग्रहालयातून चोरून, उसवून, नव्यानं शिवून, खोटी चिठ्ठी लावून ठेवलेला. १९१४ ची नोंद बाद झाली. मग त्या आणि त्यांचे दोन सहकारी जुन्या नमुन्यांच्या खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावं घेऊन निघाले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या रानात त्यांना रान पिंगळा दिसला. जिवंत, दिवसाढवळ्या, एकशे तेरा वर्षांनी. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं, नंदुरबार जिल्हा व्हायचा होता.

मी मुलांना या गोष्टीतल्या दोन जागा दाखवते. एक, चिठ्ठी. नमुन्याच्या पायाला बांधलेला कागदाचा तो तुकडा, ज्यावर गाव, तारीख आणि मिळवणाऱ्याचं नाव असतं, तो पक्ष्याइतकाच मोलाचा. इंग्लंडात ट्रिंगच्या संग्रहातून २००९ साली एका तरुणानं २९९ पक्ष्यांची कातडी चोरली, त्यांत आल्फ्रेड रसेल वॉलेस या जुन्या काळच्या निसर्गशास्त्रज्ञानं मिळवलेले पक्षीही होते. मासे धरण्याच्या गळाला बांधायची रंगीत पिसं त्याला हवी होती. परत मिळालेल्या कित्येक कातड्यांच्या चिठ्ठ्या कापलेल्या होत्या. पक्षी परत आला, पण कुठला, कधीचा, ते कायमचं गेलं. दुसरी जागा म्हणजे माइनर्ट्झहागन. त्याच्यासारखा पाहुणा कुठल्याही संग्रहालयाच्या दारात सलाम घेऊन आत गेला असता. परवानगीशिवाय नमुने नेल्याबद्दल त्याला पक्षी विभागात काही काळ बंदीही झाली होती, पण मोठं नाव, मोठी ओळख, तो पुन्हा आत आला.

म्हणून कुणाकडे नजर ठेवायची याबद्दल आपल्या सवयी मला खटकतात. एका संग्रहालयात मी पाहिलं आहे: महापालिकेच्या शाळेची मुलं आली की पहारेकरी काठी घेऊन पाठीमागून चालतो, “ए, मागे हो” म्हणतो. त्याच वेळी सुट्टीत आलेलं एक कुटुंब आपल्या लेकराला काचेवर दोन्ही हातांनी थापा मारू देतं आणि त्यांना कुणी काही बोलत नाही. मी त्या पहारेकरीकाकांना दोष देत नाही. तीन दालनांना मिळून ते एकटे होते, आणि त्यांना कुणी काही समजावलेलं नव्हतं. पण पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावरून पहिल्यांदा अशा इमारतीत आलेल्या मुलाला दारातच कळतं की इथे आपल्यावर संशय आहे. मग ते मूल बघत नाही, स्वतःला सांभाळत बसतं. ज्याच्या घरापुढच्या रानात यांतले निम्मे पक्षी आहेत, ज्याला त्यांची बोलीतली नावं आणि अंडी घालायचे महिने ठाऊक आहेत, त्या मुलानं तिथे खरं तर चार गोष्टी आम्हालाच सांगायच्या.

याच्या उलट वागण्याचं एक उदाहरण आपल्या मुंबईतलंच आहे. १९०८ च्या सुमारास एका लहान मुलानं छऱ्याच्या बंदुकीनं चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता, नेहमीच्या चिमणीला असा डाग नसतो. मामांनी त्याला चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडलं. ही संस्था १८८३ पासूनची. तिथले मानद सचिव मिलार्ड साहेब. त्या काळच्या साहेबाच्या खोलीत एक हिंदुस्थानी मुलगा मेलेली चिमणी कागदात गुंडाळून उभा होता. त्याला दारातून हाकलणं काही अवघड नव्हतं. मिलार्डनी ती पीतकंठी चिमणी असल्याचं सांगितलं आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खण एकामागून एक उघडून दाखवले. तो मुलगा सालीम अली. खण उघडून दाखवणारा माणूस जवळ होता म्हणून ते घडलं, याचा विचार संग्रहालय चालवणाऱ्यांनीही करावा. नियम पाळा एवढंच सांगायला माणसं नेमून भागणार नाही.

आता आक्षेप. माझे सहकारी म्हणतात, बाई, तुमचं बरोबर आहे, पण बसचं भाडं बघा. एका दिवसात एकच ठिकाण दाखवलं तर पालक विचारतात, एवढ्या पैशांत एकच? खरं आहे. ही अडचण शिक्षकांची नाही, आपल्या सगळ्यांच्या हिशेबाची आहे. चार ठिकाणांचे पैसे भरून मुलानं काय पाहिलं हे घरी आल्यावर विचारा. ते जेवणाचं सांगेल, बसमधल्या अंताक्षरीचं सांगेल. त्यातही आनंद आहे, तो हवाच. पण त्यासाठी वाघाच्या दालनातून धावण्याची गरज नाही. आणि लांबच जायचं असंही नाही. सिन्नरला माळेगावच्या औद्योगिक वसाहतीत २००१ पासून ‘गारगोटी’ हे खनिजांचं संग्रहालय आहे, आपल्यापासून तासाभरावर. नाशिकमधली किती मुलं तिथे गेली आहेत हे मी दरवर्षी वर्गात हात वर करायला लावून विचारते, आणि वर आलेले हात मोजायला एका हाताची बोटं पुरतात.

तिथे जे दिसतं ते आपल्याच पायाखालचं आहे, म्हणून जरा थांबते. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून आपला काळा कातळ झाला. थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या. पुढे त्या पोकळ्यांत गरम पाणी झिरपत राहिलं आणि त्यातले क्षार बसत बसत स्फटिक वाढले. त्यांतली बरीच खनिजं झिओलाइट गटातली. नाशिक परिसरातल्या खाणींतले हिरवट अपोफिलाइट जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहेत. विहीर खणताना, रस्त्यासाठी खडी फोडताना हे सापडतं आणि पुष्कळदा खडीतच जातं. स्कोलेसाइटच्या सुया केसासारख्या बारीक, एका बिंदूतून चहूकडे फुटलेल्या. नखाचा धक्का लागला तरी तुटतील. अंधारात, कुणीही न हलवता वाढलेली ती वस्तू खाणीतून अखंड बाहेर काढणाऱ्या कामगाराच्या हातांचं मला फार वाटतं. फुटकी सुई पुन्हा उगवत नाही हे त्या सुयांसमोर उभं राहून सांगितलं की आठवीतल्या मुलाचा आवाज आपोआप खाली येतो. मी हे पाहिलं आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: मूल हातानं शिकतं, सगळं काचेआड ठेवून काय शिकणार? मला हा पूर्ण मान्य आहे. म्हणून प्रत्येक दालनात एक टेबल हात लावण्यासाठी हवं. त्यावर बैलाचं शिंग, सुगरणीचं पडलेलं घरटं, कोंबडीची पिसं, कातळाचा तुकडा, फुटकी गारगोटी. पीस उलटं कुरवाळून धागे कसे सुटतात ते मुलानं स्वतः करून बघावं, बोटांनी पुन्हा जुळवावं. ते एकदा केलेलं मूल मोराच्या काचेपुढे वेगळं उभं राहतं. यासाठी काही कोटींची योजना लागत नाही. पेंढ्याचे जुने प्राणी मात्र त्या टेबलावर येऊ शकत नाहीत, कारण बाजारातून दुसरे आणता येत नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर वाघ मारून पेंढा भरणं बंद झालं, हे उत्तमच झालं. आज नवा नमुना होतो तो मेलेल्या प्राण्याचा, रीतसर परवानगीनं. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात असं काम चालतं. दिल्लीचं राष्ट्रीय निसर्ग-इतिहास संग्रहालय १९७८ साली सुरू झालं आणि एप्रिल २०१६ मधल्या एका रात्रीच्या आगीत गेलं. जे जळलं त्यातलं कितीतरी पुन्हा जमवता येणार नाही.

तिसरा आक्षेप मी स्वतःच स्वतःला घेते. एवढी काळजी काचेमागच्या प्राण्याची, आणि बाहेरच्या जिवंतांचं काय? पण बाहेरचं वागणं शिकायला आत जाण्यासारखी सोय नाही. नांदूर मध्यमेश्वर, गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं आपलं पाणथळ, २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. तिथे हिवाळ्यात रविवारी जा. बांधावरून टाळ्या वाजवणारे, पक्षी उडावेत आणि चित्रफीत छान यावी म्हणून पाण्यात दगड टाकणारे लोक भेटतील. तो पक्षी हजारो कोस उडून आलेला असतो, त्याला चरायला आणि विसावायला वेळ हवा असतो. या लोकांना कुणी कधी एका पक्ष्यासमोर दहा मिनिटं उभं केलेलं नाही. संग्रहालयातला पक्षी उडून जात नाही. नुसतं बघत राहायला शिकण्यासाठी त्याच्याइतका सोशिक मास्तर नाही.

सिंहस्थात आपलं शहर लाखोंची गर्दी वेळा ठरवून, वाटा आखून सांभाळतं. त्या शहराला एका दालनात एका वेळी चाळीस मुलं सोडणं आणि पुढच्या चाळिसांना अंगणात बसवून माहिती सांगणं अवघड असू शकत नाही. शाळेनं जाण्याआधी एक तास वर्गात घालवावा. संग्रहालयानं पाटीवर ‘का’ लिहावा आणि पहारेकऱ्याला दोन दिवसांचं शिक्षण द्यावं, म्हणजे तो काठी न उगारता गोष्ट सांगेल. पालकांनी सहलीच्या पत्रकावर ठिकाणं किती आहेत ते मोजू नये. १८ मे हा जागतिक संग्रहालय दिन नेमका आपल्या उन्हाळी सुट्टीत येतो, तेव्हा मुलांना घेऊन आई-बाबांनी, आजोबांनी जावं. रांग सरकवायला तेव्हा कुणी नसतं.

गेल्या वर्षी मी हट्टानं चौतीस मुलं नेली. एकच ठिकाण, एकच दालन, दीड तास. आधी वर्गात रान पिंगळ्याची गोष्ट सांगितली होती. प्रत्येकानं एकच नमुना निवडायचा आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसून वहीत काढायचा, एवढंच काम. पहिली दहा मिनिटं चुळबुळ झाली. दोघं भांडले, एकाला मी बाहेर नेऊन पाणी पाजलं. मग हळूहळू दालनात पेन्सिलींचा आवाज यायला लागला. मुलं कुजबुजत होती, एकमेकांना बोलावून दाखवत होती, आणि मी कुणालाही गप्प केलं नाही.

निघायच्या वेळी सातपूरची एक मुलगी आली. तिनं खंड्या काढला होता, चोच जरा मोठी झाली होती. म्हणाली, “बाई, याच्या पाटीवर नाव आहे. पण कुठे सापडला आणि कधी, ते नाहीये. मग हा उद्या कुणाच्या काय कामाचा?” मी म्हटलं, बाकीच्या पाट्या बघून ये. ती गेली, आणि तिच्यामागे आणखी आठ-दहा जण गेले.

दुसऱ्या दिवशी वर्गानं त्या संग्रहालयाला पत्र लिहिलं. कच्च्या मसुद्यात कुणीतरी सुरुवातीलाच लिहिलं होतं, ‘आम्ही कशालाही हात लावला नाही.’ ते वाक्य मुलांनीच खोडलं. त्याजागी ज्यांच्या पाटीवर गाव आणि तारीख नाही अशा एकोणीस पक्ष्यांची यादी घातली, आणि शेवटी विचारलं, की आतल्या वहीत ही माहिती असेल तर आम्हाला ती उतरवून घ्यायला येता येईल का.